वजन कमी करणारी औषधं: कोणतं कोणासाठी, आणि सुरू करण्याआधी काय बघायचं

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली वजनाच्या औषधाची चौकशी करणारे तीन प्रकारचे लोक येतात. एकाकडे डॉक्टरांची चिठ्ठी असते, दुसऱ्याकडे मोबाइलमध्ये मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनचा फोटो असतो, आणि तिसऱ्याच्या घरचं लग्न दीड महिन्यावर आलेलं असतं. विचारतात मात्र सगळे तेच : "दादा, सगळ्यात जास्त वजन कशाने उतरतं?"

त्याचं उत्तर आकड्यांसकट खाली दिलं आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे औषध आपल्याला दोन-तीन वर्षं झेपेल का? खिशाला, पोटाला आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांसोबत? कारण ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हे वाचून औषध सुरू करू नका, हे वाचून डॉक्टरांकडे जा.

आधी टेप, मग वजनकाटा

शिंप्याकडची टेप घ्या. कपडे सैल करून, सहज श्वास सोडल्यावर बेंबीच्या जवळपास पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेघ धरतात. मग उंचीला (मीटरमध्ये) उंचीनेच गुणा आणि त्या आकड्याने वजनाला (किलोत) भागा, हा झाला बीएमआय. एखाद्या बाईंची उंची १६० सेंमी आणि वजन ७२ किलो असेल तर २८.१.

गोंधळ इथेच होतो. भारतीयांमध्ये पोटाची चरबी कमी वजनालाच त्रास द्यायला लागते, म्हणून आपले डॉक्टर २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पण या नव्या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकावरची अट वेगळी आहे : बीएमआय ३० किंवा जास्त, अथवा २७ किंवा जास्त आणि सोबत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बाईंना बीपी असेल तर औषधाचा विचार होऊ शकतो, काहीच त्रास नसेल तर सहसा नाही. लग्नाच्या फोटोसाठी पाच किलो उतरवायचे असतील, तर ही औषधं तुमच्यासाठी नाहीतच.

घरातल्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच असतो. वजन वाढवणारी औषधं आपण महिनोन् महिने घेत असतो आणि दोष मात्र भाकरीला देतो. शुगरसाठीची इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडं, मन, फिट आणि नसांच्या आजारांसाठीची ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन : ही सगळी वजन वाढवू शकतात. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका, पण "डॉक्टर, यातली बदलता येण्यासारखी कोणती आहे का?" असं जरूर विचारा. कधीकधी एवढ्यानेच दोन-चार किलोंचा प्रश्न सुटतो.

सोबत अलीकडचे रिपोर्ट असू द्या : एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, लिपिड प्रोफाइल. पित्ताशयात खडे असल्याचं कधी सोनोग्राफीत आलं असेल तर तो कागद शोधून ठेवा. बरीच वर्षं शुगर असेल तर डोळ्याचा पडदाही आधी तपासून घ्यावा, कारण शुगर झपाट्याने खाली आल्यावर पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो.

डॉक्टर कोणते गाठायचे? हार्मोनवाले, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, किंवा एमडी मेडिसिन. दोन्ही आपल्या नाशिकमध्ये आहेत. पार्लर, जिम किंवा 'स्लिमिंग सेंटर'मधला माणूस इंजेक्शन टोचून देतो म्हणाला, तर तिथून उठून या.

आता मुख्य तुलना

*ऑर्लिस्टॅट.* सगळ्यांत जुनं. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, जेवणासोबत. ती मेंदूत किंवा रक्तात काही करत नाही. आतड्यात चरबी पचवणारं एन्झाइम अडवते आणि खाल्लेल्या तेलातुपापैकी साधारण ३० टक्के तसंच बाहेर पडतं. 'तसंच बाहेर पडतं' हे अक्षरशः घ्या. तर्रीदार मिसळ किंवा पाववडा खाऊन ही कॅप्सूल घेतली, तर तेलकट जुलाब, घाईची लागणं, कपड्याला तेलाचा डाग, असं सगळं होतं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते याच तक्रारीसाठी, आणि खरं सांगायचं तर औषध काम करत असल्याचीच ती खूण असते.

चार वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.८ किलो उतरलं, नुसत्या पथ्यपाण्यावाल्यांचं ३ किलो. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा तीनेक किलोंचा. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर निघून जातात, म्हणून रात्री झोपताना मल्टिव्हिटॅमिन घ्यावी लागते. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. जेवणात तेल-तूप जवळपास नसेल तर त्या वेळची कॅप्सूल गाळली तरी चालते.

*लिराग्लुटाइड.* इथून पुढची सगळी औषधं एका घराण्यातली. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचा हार्मोन सुटतो. तो मेंदूला 'पुरे' म्हणतो आणि पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतो. ही औषधं त्या हार्मोनची नक्कल करतात. लिराग्लुटाइड रोज टोचावं लागतं; वजनासाठीचा डोस ३ मिलिग्रॅम. ५६ आठवड्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलं, नुसत्या आहार-व्यायामावर २.६ टक्के. आठवड्याची इंजेक्शनं आल्यापासून रोजची सुई बहुतेकांना नकोशीच वाटते.

*सेमाग्लुटाइड.* आठवड्यातून एकदा. नावांचा घोळ इथे सगळ्यात जास्त, म्हणून नीट वाचा. वेगोवी हे वजनासाठीचं इंजेक्शन, भारतात जून २०२५ मध्ये आलं. ओझेम्पिक हे तेच औषध, पण टाइप २ मधुमेहासाठी, डोस कमी. ते डिसेंबर २०२५ मध्ये आलं. रायबेल्सस ही त्याचीच गोळी, तीही मधुमेहासाठी, ३, ७ आणि १४ मिलिग्रॅममध्ये.

मधुमेह नसलेल्या १,९६१ लोकांवर झालेल्या अभ्यासात वेगोवीच्या २.४ मिलिग्रॅम डोसने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. नुसतं पाण्याचं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. ९० किलोच्या माणसाचे तेरा-साडेतेरा किलो. पुढे १७,६०४ लोकांच्या अभ्यासात, ज्यांना आधीच हृदयविकार होता आणि वजनही जास्त होतं, त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने वजनाचं औषध निवडताना हा मुद्दा डॉक्टरांपुढे काढावा.

रायबेल्ससच्या गोळीचं एक पथ्य आहे, आणि आपल्या घरांत तेच मोडतं. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, अर्ध्या ग्लासाहून कमी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. ती गोळी मुळात मधुमेहाची. इंजेक्शनाइतकं वजन तिने उतरेल अशी आशा धरू नका.

*टिर्झेपटाइड.* मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेही आठवड्यातून एकदा. हे जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. २,५३९ लोकांच्या अभ्यासात ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर १५ टक्के, १० वर १९.५ आणि १५ वर २०.९ टक्के वजन उतरलं. २०२५ मध्ये दोघांना समोरासमोर उभं करणारा अभ्यास आला : टिर्झेपटाइड २०.२ टक्के, सेमाग्लुटाइड १३.७ टक्के. तर 'सगळ्यात जास्त कशाने' याचं उत्तर आज तरी टिर्झेपटाइड.

पण हे आकडे स्वतःला चिकटवण्याआधी दोन गोष्टी. एक, या सगळ्या अभ्यासांत लोकांना आहार आणि व्यायामाचा सल्लाही चालू होता. दुसरी आपल्याकडे फार महत्त्वाची : मधुमेह असलेल्यांचं वजन कमी उतरतं. त्यांच्यावरच्या वेगळ्या अभ्यासांत सेमाग्लुटाइडने ९.६ टक्के आणि टिर्झेपटाइडने १२.८ ते १४.७ टक्के उतरलं. शेजारच्या काकूंचे अठरा किलो गेले आणि तुमचे नऊच गेले, तर औषध नकली होतं असं नाही.

मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांनी वजन दोन-तीन किलो उतरू शकतं, पण ती वजनाची औषधं नाहीत. फेंटरमिन किंवा नॅल्ट्रेक्झोन-ब्युप्रोपियन या भूक मारणाऱ्या गोळ्यांबद्दल इंटरनेटवर वाचून लोक विचारायला येतात. तो मुख्यतः अमेरिकेतला बाजार आहे, त्याच्या मागे लागू नका. सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, हृदयाला धोका म्हणून. तरी जगभर 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग पावडरींत ते लपवलेलं सापडत राहिलं आहे. डब्यावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' लिहिलेलं असेल आणि चहा-पावडरने आठवड्यात भूकच मेली असेल, तर मला पहिली शंका त्याचीच येते.

कोणी घेऊच नये

तुम्हाला किंवा घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, लिराग्लुटाइड तिन्ही नकोत. साधा हायपोथायरॉइड म्हणजे हे नव्हे. तो असताना ही औषधं चालतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वजन वेगाने उतरलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, हेही लक्षात असू द्या.

मुलींसाठी आणि सुनांसाठी, कारण पीसीओडीवाल्या बऱ्याच जणी ही इंजेक्शनं घेतात : बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी थांबवावं लागतं. वजन उतरल्यावर थांबलेली पाळी सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. त्यातून टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे आणि डोस वाढवल्यावर प्रत्येक वेळी चार आठवडे निरोधसारखा दुसरा उपाय जोडावा. ही गोष्ट काउंटरवर संकोचामुळे कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिली.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना हे इंजेक्शन जोडलं, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. जुन्या औषधाचा डोस सहसा त्याच दिवशी कमी करावा लागतो. श्रावणात किंवा नवरात्रात उपास धरणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं.

पैशाचं गणित वर्षाचं करा

मौंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. महिन्याच्या चार, म्हणजे १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोवीचे पहिले तीन डोस आले तेव्हा महिन्याला १७,३४५ रुपयांना होते. नंतर कंपनीने किमती उतरवल्या. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ पर्यंतच होती, त्यामुळे देशी कंपन्यांसाठी वाट मोकळी झाली. म्हणून इथला कोणताही आकडा घेऊन भांडायला येऊ नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

महिन्याचा आकडा मिळाला की त्याला बाराने गुणा. शिवाय बऱ्याच औषधांत डोस वाढला की किंमतही वाढते, म्हणून पहिल्या महिन्याच्या बिलावर हिशेब करू नका. सर्वांत वरच्या डोसचा भाव विचारा. मेडिक्लेम बहुतेक वेळा ओपीडीतली औषधं देत नाही. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, असं अभ्यासात दिसलं आहे. चार महिने पैसे भरून सोडायचं असेल, तर न सुरू करणं स्वस्त पडतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा थोडं कमी वजन उतरवणारं पण परवडणारं औषध डॉक्टरांशी बोलून निवडा.

विकत घेताना

चिठ्ठी, पक्कं बिल, बिलावर बॅच नंबर. नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, घाऊक भावाने स्वस्त मिळेल म्हणून बरेच जण जातात, जायला हरकत नाही, पण औषध फ्रीजमधूनच काढून देतायत ना ते डोळ्यांनी बघा. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पेन दिसायला तसंच दिसतं, काम करेलच असं नाही. बर्फाची पिशवी मागून घ्या, पण पेन थेट बर्फाला चिकटवू नका. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरखाली नको. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी वापरायचं नाही. फ्रीजबाहेर किती दिवस चालतं हे प्रत्येक औषधाचं वेगळं आहे, पेटीतला कागद फेकू नका.

इन्स्टाग्रामवरून 'पेप्टाइड' पावडरच्या कुप्या कुरिअरने मागवणारेही आता भेटतात. नकली ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगाला सावध केलं होतं. आणि पेन दोघी बहिणींनी वाटून घेणं, सुई बदलली तरी, अजिबात नाही. रक्तातून पसरणारे आजार पेनमधूनही जातात.

पहिले दोन-तीन महिने

सेमाग्लुटाइड ०.२५ पासून सुरू होतं, दर चार आठवड्यांनी एकेक पायरी : ०.५, १, १.७, २.४. टिर्झेपटाइड २.५ पासून, मग ५, आणि गरज पडली तर पुढे १५ पर्यंत. पहिल्या डोसने वजन फारसं उतरत नाही, तो पोटाला सवय लावण्यासाठी असतो. "काहीच फरक नाही" म्हणून दुसऱ्याच आठवड्यात दुप्पट टोचून घेणारे थेट उलट्यांनी आडवे होतात. कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर वर जायची सक्तीही नाही.

आठवड्याचा एक वार ठरवा. पोट, मांडी किंवा दंड, दर वेळी जागा थोडी बदलून. कुपीवालं औषध असेल तर सिरिंजमध्ये किती ओढायचं हे पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून बघा.

मळमळ बऱ्याच जणांना होते आणि डोस वाढवल्यावर काही दिवस जास्त असते. जेवण निम्मं करा, सावकाश खा आणि भरल्यासारखं वाटताच ताटावरून उठा. ताटात अन्न टाकायचं नाही हा आपला संस्कार या काळात वाढताना पाळा, खाताना नको. तर्री, तळण, रात्री उशिराचं जेवण यांनी त्रास हमखास वाढतो. बद्धकोष्ठाला इसबगोल आणि भरपूर पाणी. वाइनचा ग्लास पूर्वीइतका सोसेलच असं नाही, आणि स्वादुपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

भूक मेली की लोक भाकरी-भाजीचे चार घास खाऊन उठतात आणि उतरतं ते चरबीबरोबर स्नायूही. म्हणून ताटात आधी प्रथिनं : मोडाची मटकी, घट्ट वरण, अंडी, दही, पनीर, चालत असेल तर मासे-चिकन. भात शेवटी. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारणं चांगलंच, पण स्नायू टिकवायला वजन उचलणं लागतं. जिम नको वाटत असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं यानेही सुरुवात होते.

डोस विसरला तर : वेगोवीत पुढच्या ठरलेल्या दिवसाला दोन दिवसांहून जास्त अवधी असेल तर आठवल्यावर घ्या, मौंजारोत चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घ्या, नाहीतर तो डोस सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीच नाही. लागोपाठ दोन-तीन आठवडे गेले तर डॉक्टरांना फोन, बहुधा खालच्या डोसपासून परत चढावं लागेल.

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे असं आधीच सांगा. पोट उशिरा रिकामं होत असल्याने उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं.

थेट दवाखाना गाठायचा तो अशा वेळी : पोटात असह्य आणि पाठीकडे जाणारी कळ, उलट्या थांबतच नाहीत आणि लघवी कमी झाली, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे, किंवा एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं. शेवटचं फारच दुर्मीळ, पण घडलं तर सकाळची वाट बघायची नाही.

वरचा सोसवेल तो डोस गाठून तीन महिने झाले आणि सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्केही उतरलं नसेल, तर तेच औषध पुढे ओढण्यात सहसा अर्थ नसतो. तसं डॉक्टरांना विचारा, पैसे तुमचे आहेत.

आणि वापरलेल्या सुया नुसत्याच पिशवीत घालून घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली करा, भरली की चिकटपट्टी लावून तुमच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारा. वैद्यकीय कचरा उचलणारी गाडी त्यांच्याकडे येतेच.